मुलाची गादी: आधी पलंग मोजा, मग मुलाला घेऊन दुकानात जा

दुकानात मोठी माणसं गादी हाताने दाबून बघतात आणि जिच्यासाठी घ्यायची ती मुलगी बाजूला उभी असते. चूक इथेच होते. सत्तर किलोच्या बाबांना जी गादी छान वाटते, ती वीस किलोच्या मुलीला फळीसारखी लागू शकते. म्हणून मुलाला चपला काढून गादीवर निदान दहा मिनिटं झोपू द्या.

आधी कुशीवर झोपवा आणि पाठीमागून बघा. मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ दिसला पाहिजे. खांदा आणि खुबा थोडे रुतावेत, कंबर मात्र लोंबू नये. मग उताणं झोपवून कमरेखाली हात सरकवून पाहा. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक, अजिबात शिरला नाही तर फार मऊ. वर 'ऑर्थोपेडिक' लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. ही परीक्षाच खरी.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला हे लागू नाही. त्याला सपाट, घट्ट गादी, वर ताणून बसवलेली चादर, आणि उशी नाही, राईचीसुद्धा नाही.

फोमची गादी घेताना दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतात. म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणाशी त्याचा थेट संबंध नाही. पण फोम किती टिकेल ते त्यावरून कळतं, आणि ते तपासताही येतं. ७२ बाय ३६ इंच, चार इंच जाडीचा सलग फोम ४० डेन्सिटीचा असेल तर वजन पावणेसात किलोच्या आसपास भरतं, ३२ चा असेल तर साडेपाच. खोळीचं वजन वेगळं. वजनकाट्यावर आधी गादी न घेता उभं राहा, मग घेऊन, आणि फरक बघा. वजन बरोबर भरलं तरी चेन उघडून फोमची कड चोळा. बोटांना पांढरी भुकटी लागली तर वजन वाढवायला खडूसारखी भर घातलेली असू शकते. असा फोम लवकर बसतो.

मुंबईत काथ्याच्या गादीतून हवा खेळते, उकाड्यात बरं पडतं. मात्र खाली सामानाचा बॉक्स असलेला बंद प्लायचा पलंग असेल, तर घामाची ओल खालीच कोंडते आणि जुलैत गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. सुताराकडून प्लायला सहा-सहा इंचांवर इंचभर भोकं पाडून घ्या. मूल जमिनीवर झोपत असेल तर खाली चटई घाला आणि सकाळी गादी भिंतीला उभी करा. फरशीवर पसरून ठेवू नका. कापसाची गादीही चांगली, पण वर्ष-दोन वर्षांनी पिंजून घ्यावीच लागते, नाहीतर गोळे होतात. तिला मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर कडक ऊन द्या. फोम आणि लॅटेक्सला मात्र सावलीतली हवा पुरे, उन्हाने ते ठिसूळ होतात.

माप घेताना पलंग आतून तीन ठिकाणी मोजा, कारण सुताराने घरी बनवलेला पलंग दोन्ही टोकांना सारखा असेलच असं नाही. गादी आणि कडेच्या पट्टीमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. चौथ्या वर्षानंतर मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, तेव्हा पाच फुटी गादी लवकरच आखूड पडेल. सहा फुटीच घ्या. दुमजली पलंगाच्या वरच्या गादीपासून कठडा निदान पाच इंच उंच राहिला पाहिजे, म्हणजे तिथे जाड गादी चालत नाही. सहा वर्षांखालचं मूल वर झोपवू नका. काथ्याची आणि स्प्रिंगची गादी सहसा गुंडाळता येत नाही. लिफ्ट किंवा चाळीच्या जिन्याचं वळण आधीच मोजून ठेवा.

अंथरूण ओलं होत असेल तर रेक्झिन घालू नका, पाठीला घाम धरतो. वर टॉवेलचं कापड आणि खाली पाणी न झिरपणारा थर असलेलं कव्हर घ्या. दोन घ्या, पावसाळ्यात एक वाळायला दोन दिवस लागतात. सकाळी उठल्या उठल्या शिंका येणाऱ्या मुलाची चादर दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. धुळीतले सूक्ष्म किडे गार पाण्याने मरत नाहीत.

दर तीन महिन्यांनी उशाकडची बाजू पायाकडे करा. अधूनमधून गादीवर आडवी सुतळी ताणून मधला खड्डा मोजा. इंचभर खोल झाला की गादी बदला. वर दुसरी गादी टाकली तरी कंबर त्याच खड्ड्यात जाते. आईबाबांची बसलेली गादी मुलाला देऊ नका, तीही याच कारणाने.