टूलच्या वर्णनात ‘काय मिळणार नाही’ हेही लिहा
रावेर-यावलच्या केळी उत्पादकांसाठी लेख शोधून देणारा एआय एजंट बनवताय? मग टूलच्या, म्हणजे एजंट कामासाठी वापरतो त्या छोट्या प्रोग्रामच्या, वर्णनात नुसतं ‘लेख शोधतं’ लिहून भागत नाही. एजंट चालवणाऱ्या एआय मॉडेलला टूलमागचा कोड दिसत नाही; नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला पुरवायची माहिती) यांवरूनच ते टूल निवडतं. असं लिहा: ‘केळीची लागवड, रोग आणि खतं यांवरचे लेख शोधतं. शीर्षक, तारीख, सारांश देतं; पूर्ण मजकुरासाठी “लेख वाचा” हे टूल वापरा. आजचा बाजारभाव इथे मिळत नाही.’ हे शेवटचं वाक्य हमखास गाळलं जातं, आणि मग भाव विचारला की एजंट खुशाल जुन्या लेखातला आकडा सांगून मोकळा होतो. पॅरामीटरला नमुना द्याच: विषय ‘केळीवरील करपा’, तारीख ‘२०२५-०६-१५’. काही सापडलं नाही तर रिकामी यादी येते, हेही नोंदवा.