अळिंबीचे बेड बिघडतात ते कुठे? या चुका टाळा

बेडवर हिरवा डाग दिसला की पहिला आळ येतो स्पॉनवर, म्हणजे अळिंबीच्या बियाण्यावर. स्पॉन जुनं असेल तर तो खराही असतो, पण मी आधी बेडमधलं काड, म्हणजे पेंढा, तपासायला सांगेन. भिजवलेलं काड नीट निथळू न देता बेडच्या पिशव्या भरल्या, की तळाशी पाणी साचतं, हवा कोंडते आणि आंबूस वास सुटतो. मूठभर काड घट्ट पिळून बघा. एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. ओलावा 65 ते 70 टक्के असला की साधारण असंच होतं.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या माध्यमांना, म्हणजे अळिंबी ज्यावर वाढते त्या काडाला किंवा भुशाला, उष्णतेचा एकच उपचार. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीच्या काडाला 65 ते 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तास-दीड तास पुरतो. शिताके किंवा रेशी या अळिंब्यांसाठी लाकडाच्या भुशात कोंडा घातला, की तेवढ्यावर भागत नाही, कारण कोंड्यावर इतर बुरशाही तुटून पडतात. तिथे प्रेशरखाली 121 अंशांवर दोन-अडीच तास हवेतच. नंतर घाई नको! बाहेरून गार लागणारी पिशवी आत तापलेली असते, आणि त्या उष्णतेत स्पॉन मरतं. मधला भाग 30 अंशांच्या खाली येऊ द्या.

ट्रायकोडर्मा (बेडवर हिरवा डाग पाडणारी बुरशी) सुरुवातीला पांढराच दिसतो, म्हणून फसगत होते. हिरवा झाला म्हणजे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, तयार झाले. अशी पिशवी खोलीत उघडू नका, बंदच बाहेर न्या. डाग कापून उरलेलं वाचवायचा मोह होतो, पण शेजारचे बेड जास्त मोलाचे आहेत.

देठ लांब आणि टोप्या बारीक आल्या तर खत-पाणी शोधत बसू नका, खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय. रेशी अशा हवेत हरणाच्या शिंगांसारखी वाढते. खेळती हवा ठेवा, पण वाऱ्याचा थेट झोत नको, कोंब सुकतात.

पाणी भिंतींवर आणि जमिनीवर फवारा. टोप्यांवर ते साचून राहिलं तर जिवाणूंमुळे तपकिरी, बुळबुळीत डाग पडतात.

धिंगरीची काढणी टोपीची कड वर वळण्याआधी करा. उशीर झाला की खोलीभर बीजाणू उडतात आणि त्यांनी खोकला, दम लागू शकतो. मोठी खोली असेल तर मास्क लावूनच आत जा.