व्हेरिलॉग शिकवताय? आधी फ्लिपफ्लॉप मोजायला लावा

मुलं लॅबमध्ये व्हेरिलॉग (डिजिटल सर्किटचं वर्णन करायची भाषा) लिहितात पण डोक्यात सी भाषा चालू असते, म्हणजे वरची ओळ आधी चालणार मग खालची, आणि सिम्युलेशनमधला वेव्हफॉर्म (सिग्नलचा आलेख) बरोबर दिसला की लगेच जर्नलवर सही घ्यायला रांग. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की सिंथेसिस (कोडपासून खरं सर्किट बनवणं) सेमिस्टरच्या शेवटी ढकलू नका, पहिल्या आठवड्यापासूनच घ्या. लायसन्स-बियसन्स काही लागत नाही, सिंथेसिसला योसिस आणि सिम्युलेशनला आयकॅरस व्हेरिलॉग, दोन्ही फुकट आहेत.

पहिला प्रयोग हा द्या. क्लॉकच्या ऑलवेज ब्लॉकमध्ये (क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला चालणारा कोड) दोनच ओळी, आधी क्यू१ ला डी द्यायचा, मग क्यू२ ला क्यू१, आउटपुट फक्त क्यू२. एकदा <= वापरून, एकदा साधं = वापरून (पहिल्यात दोन्ही ओळी एकाच वेळी लागू होतात, दुसऱ्यात एकामागून एक). किती फ्लिपफ्लॉप (क्लॉकवर एक बिट साठवणारं सर्किट) येतील ते रन करायच्या आधी वहीत लिहून घ्या (हे महत्त्वाचं, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मला माहीत होतं), मग योसिसच्या सिंथ (सर्किट बनवणारी) आणि स्टॅट (भाग मोजणारी) कमांड. <= ला दोन येतात, = ला एकच! वर्गात गोंधळ होतो, होऊ द्या, लगेच उत्तर सांगू नका, शो कमांडने दोन्हींची चित्रं काढून भांडू द्या.

दुसरा प्रयोग लॅचचा, म्हणजे क्लॉकशिवाय बिट धरून ठेवणारं, बहुतेकदा चुकून येणारं सर्किट. कॉम्बिनेशनल (क्लॉक नसलेल्या) केस स्टेटमेंटमधून डिफॉल्ट काढायचा, एकदोन केसही गाळायच्या. योसिस लॉगमध्ये स्पष्ट लिहितो की लॅच इन्फर झाला (म्हणजे कोडवरून लॅच तयार झाला), पण लॉग वाचतंय कोण, म्हणून ती ओळ शोधून जर्नलमध्ये चिकटवल्याशिवाय सही नाही.

मग एफपीजीए बोर्ड (आपल्या कोडप्रमाणे सर्किट बनणारी चिप असलेला). टँग नॅनो 9के चालेल, त्यावर 27 मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे, 24 बिट काउंटरच्या सगळ्यात वरच्या बिटवर एलईडी किती वेळाने लुकलुकेल ते कागदावर काढायला सांगा, साधारण 0.62 सेकंद यायला हवं.

स्कायवॉटरचं 130 नॅनोमीटरचं पीडीके (चिप कारखान्याच्या प्रोसेसची डिझाईन माहिती) 2020 पासून खुलं आहे, त्यावर ओपनलेन (कोडपासून चिपचा नकाशा बनवणारं टूल) चालवलं की लेआउटपर्यंत जाता येतं. मोठं डिझाईन नको, तोच दोन फ्लिपफ्लॉपवाला कोड टाका आणि केलेआउटमध्ये (लेआउट बघायचं सॉफ्टवेअर) ते दोघं कुठे बसले ते शोधायला लावा. रिस्क-व्ही प्रोसेसरच्या मिनी प्रोजेक्टची घाई तर अजिबात नको, गिटहबवरून उचलून आणतात आणि व्हायवात गप्प.

व्हायवात कोड पाठ म्हणून घेऊ नका, त्यांच्याच फाईलमधली एक ओळ बदला आणि विचारा, आता फ्लिपफ्लॉप किती?