आकडी लांबल्यास नाकातला फवारा कसा द्यावा
अपस्माराच्या रुग्णाची आकडी ५ मिनिटांहून अधिक लांबली, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडॅझोलॅमचा फवारा नाकात द्यावा. नाकाच्या अस्तरातून औषध रक्तात उतरून काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि आवळलेले दात उघडावे लागत नाहीत. रुग्णाला कुशीवर वळवून, शेंबूड पुसून, ठरलेली मात्रा दोन्ही नाकपुड्यांत निम्मी-निम्मी द्यावी. नव्या बाटलीतून धुक्यासारखा बारीक तुषार येतो का, हे आधी हवेत दाबून पाहावे. नुसते थेंब गळले, तर औषध घशात उतरते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. पुण्यातल्या पेठांच्या गल्ल्यांत घर सापडायला उशीर होतो, म्हणून १०८ला फोन करून कोणीतरी कोपऱ्यावर उभे राहावे. श्वास मंदावत नाही ना, हे पाहत राहावे. दुसरी मात्रा मनाने देऊ नये.