पंचायतीच्या बाल संरक्षण समितीत नवीन आहात? ‘आधी खात्री करू’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

समितीवर तुमचं नाव बहुतेक तुम्हाला न विचारताच घातलेलं असणार. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका, शाळेतले एक सर, उपकेंद्रातली नर्स, आणि ‘समाजकार्य शिकलेली पोर गावातच आहे’ म्हणून तुम्ही. मीही अशीच आले. आमच्या गोव्यातल्या गावात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची पूर्वीची प्रकरणं सभामंडपात चार जाणत्यांनी बसून ‘मिटवली’ होती. त्यातलं एक कुटुंब गाव सोडून गेलं. ज्याच्याबद्दल तक्रार होती तो अजून शिगम्यात सगळ्यांच्या पुढे असतो. समिती उभी राहिली ती वरून पत्र आलं म्हणून, लाज वाटली म्हणून नव्हे.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, काय आहे, १०९८ ही मुलांची मदतवाहिनी कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर, कारण चांगली माणसं नेमकी तिथेच अडकतात. कुणीतरी येऊन सांगतं की अमक्या मुलीचं काहीतरी बिनसलंय, शिकवणीला जायला रडते. सरपंच म्हणतात, “तू जरा तिच्याशी बोलून बघ, आधी खात्री करू, मग कळवू.” ऐकायला किती समजूतदार वाटतं! सुरुवातीला मलाही हेच जबाबदारीचं वागणं वाटायचं.

मग काय होतं बघा. तुम्ही विचारता, ती अर्धंमुर्धं सांगते. मग सर विचारतात. मग मामा. मग पंचांच्या घरची बाई प्रेमाने जवळ घेऊन विचारते. प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा, त्यामुळे उत्तरही थोडं वेगळं. शेवटी पोर कंटाळून, घाबरून म्हणते, “काही झालं नाही.” सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नोंदवहीत ‘चौकशी केली, तथ्य आढळले नाही’ अशी ओळ पडते. तोवर ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला सुगावा लागलेला असतो, फोनमधलं जे पुसायचं ते पुसून झालेलं असतं. आणि प्रकरण पुढे न्यायालयात गेलंच, तर बचावाचा वकील हीच सगळी वेगवेगळी उत्तरं एकापुढे एक मांडून मुलीला खोटी ठरवतो.

पॉक्सोचं कलम १९ पुरावा मागत नाही. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी नुसती भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. सद्भावनेने कळवलेलं चुकीचं निघालं तरी तुमच्यावर कारवाई होत नाही. न कळवल्याबद्दल मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. हे वाक्य सरपंचांसमोर शांतपणे, एकदाच म्हणा. पुरतं.

चौकशी करणारे दुसरे आहेत. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला (ही जिल्ह्याची, आपली पंचायतीची नव्हे) कळवायचं असतं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, मुलाचा विश्वास आहे अशा माणसासमोर. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे सगळं होतंय ना, ते बघणं तुमच्या हातात आहे. मूल आपणहून बोललं तर ऐका, पण खोदू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. आणि त्याचे शब्द आहेत तसे लिहा. ती कोंकणीत ‘तो बरो न्हय’ म्हणाली असेल तर वहीत तेवढंच यावं. त्याचं भारदस्त मराठी किंवा इंग्रजी करायला बसू नका. खाली तारीख, वेळ, सही. झालं. इतकं सोपं आहे, खरंच.

‘मोठं घर आहे, देवस्थानचे महाजन आहेत, असं करणार नाहीत’ हे ऐकायची तयारी ठेवा. मडगावात अनाथ मुलांचा आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सलाही लोक परोपकारीच समजत होते. १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप. २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला, तोही आपल्याकडे हे घडतं हे मान्य करूनच. समितीतला कुणी संशयिताचा नातेवाईक असेल तर त्या विषयापुरतं त्याने खोलीबाहेर जावं, हा नियम आम्ही पहिल्याच बैठकीत लिहून घेतला. प्रकरण आल्यावर असा नियम कुणी करू देत नाही.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत फार चांगलं नाही. एक दिवस, चहा, समोसा, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. मुलांसाठीचं धोरण म्हणून एका पंचायतीने दुसऱ्या पंचायतीची फाइल उतरवलेली मी पाहिलीय, आत जुन्या गावाचं नाव तसंच. भिंतीवर चांगला स्पर्श, वाईट स्पर्श रंगवला की काम झालं असं मानणाऱ्यांचाही मला राग येतो; म्हणजे सावध राहायचं तेही पोरांनीच? त्यापेक्षा एखादी निवृत्त अंगणवाडी सेविका गाठा. कुठल्या भाड्याच्या खोलीत पोरं दिवसभर कडी लावून ठेवलेली असतात, हे तिला माहीत असतं. पंचायतीला मतदारांचीच पोरं दिसतात. बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं कुठल्याच यादीत नसतात, म्हणून आम्ही घरमालकांकडून यादी करायला लागलो.

आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: नाटकाच्या तालमी. जत्रेआधी मध्यरात्रीपर्यंत चालतात, बालकलाकारांना घरी कोण सोडतो याची नोंद कुणाकडे नसते. आता आमच्याकडे दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय मुलांच्या प्रवेशाची तालीम घेत नाहीत. दिग्दर्शक मंडळी कुरकुरली. कुरकुरू देत. किनाऱ्याकडच्या पंचायतीत असाल तर हॉटेलंही बघा. कुटुंबीय किंवा रक्ताच्या नातेवाइकांसोबत नोंद नसलेल्या मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही, असं बाल कायदा सांगतो.

इतिवृत्तात मुलाचं नाव, वाडा, शाळा काहीही लिहू नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच.

कळवल्यानंतरचे दिवस जड जातात, तुमचे आणि त्याहून त्या घराचे. दुकानदार उधारी बंद करतो, घरमालक खोली रिकामी करायला सांगतो, बाल न्यायालय पणजीकडे म्हणजे सत्तरी तालुक्याच्या टोकाकडून आईची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. बाल कल्याण समितीकडे सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारं माणूस, लगेच मागा, तिचा फोन नंबर आईच्या हातात द्या. पहिल्या तारखेला कुणी सोबत नसेल तर तुम्ही बसने त्यांच्याबरोबर जा. तिथे तुम्हाला काही बोलायचं नसतं.