कोटिंग नंतर, आधी सोडियम कापायला शिका

आमच्या सोडियम बॅटरीच्या लॅबमध्ये नवीन आलेली पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, ताई सोडियमवर कुठलं कोटिंग घेऊ? मी म्हणते आधी महिनाभर नुसतं सोडियम काप.

मुळात कोटिंग कशाला, तर सोडियम मेटल ग्रॅममागे ११६६ मिलिअँपिअर-अवर देतं, पण इलेक्ट्रोलाइट (बॅटरीतलं द्रावण) लागला रे लागला की त्यावर आपोआप एक थर धरतो, त्याला एसईआय म्हणतात. चार्जिंगला खाली सोडियम साचतं, थर तडकतो, फटीतून डेंड्राइट (सोडियमचे सुईसारखे कोंब) वर येतात, उघड्या मेटलवर परत नवीन थर, असं करत इलेक्ट्रोलाइट संपतो. म्हणून आपणच आधी एक बरा थर द्यायचा. कॉर्नेलच्या ग्रुपने २०१७ मध्ये ब्रोमोप्रोपेन वापरून सोडियम ब्रोमाइडचा थर दिला होता, ती रिअ‍ॅक्शन म्हणजे आपली बीएस्सीतली वुर्ट्झ रिअ‍ॅक्शन (सोडियम आणि अल्काइल हॅलाइडची), तेव्हा रट्टा मारला तो इथे कामाला आला.

आता कापणं. तेलातला ठोकळा ग्लोव्हबॉक्समध्ये (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत) घ्यायचा, तेल पुसायचं, सहाही बाजूंनी पांढरट साल काढायची, मग आतलं चकचकीत दोन प्लॅस्टिकच्या मध्ये ठेवून पापडासारखं लाटायचं आणि पंचने चकत्या पाडायच्या. ऑक्सिजन एक पीपीएमच्या वर असेल तर बघता बघता चकाकी जाते, निळसर-करडी झाक येते. तसल्या चकतीवर कितीही भारी कोटिंग द्या, तुम्ही गंजावर रंग मारताय.

माझा घोळ सांगते. माझा पहिला कोटिंगवाला सिमेट्रिक सेल (दोन्ही बाजूंना सोडियमच) ४०० तास चालला, व्होल्टेज एकदम सपाट, मी खुशीत गाइडना ग्राफ दाखवला. त्यांनी फक्त ९० व्या तासापाशी झूम करायला सांगितलं. तिथे ओव्हरपोटेन्शियल (करंट ढकलायला लागणारं व्होल्टेज) धाडकन खाली आलं होतं आणि पुढे नुसते चौकोनी पट्टे. इम्पिडन्स (सेलचा एसी करंटला होणारा अडथळा) काढला तर थराचा अडथळा दाखवणारं अर्धवर्तुळच गायब! सेल कधीच शॉर्ट झाला होता, मी ३१० तास तारेतून करंट पाठवत बसले होते. तेव्हापासून मधूनमधून इम्पिडन्स घेते, आणि कोटिंग न केलेला सेल त्याच दिवशी त्याच ठोकळ्यातून बनवते. इलेक्ट्रोलाइट पण बघून घ्या, डायग्लाइम या ईथर सॉल्व्हंटमध्ये नुसतं सोडियमच इतकं नीट वागतं (स्टॅनफर्डवाल्यांनी २०१५ मध्येच दाखवलंय) की तुमच्या कोटिंगचं कौतुक फुकट जाईल, कार्बोनेट सॉल्व्हंटमध्ये खरा कस लागतो.

पोटॅशियमला पहिल्या वर्षी हात लावू नका. ते ६३ डिग्रीलाच वितळतं, चाकूला चिकटतं, आणि जुन्या ठोकळ्यावर पिवळट खपली दिसली तर कापायचंच नाही, तो सुपरऑक्साइड असतो, तेलासकट दाबला तर स्फोट होऊ शकतो. सरळ सेफ्टीवाल्यांना बोलवा.

उरलेले तुकडे मारायला (म्हणजे निकामी करायला) सोडियमला आयसोप्रोपेनॉल, पोटॅशियमला टर्ट-ब्युटेनॉल, फ्युम हूडमध्ये, थोडं थोडं, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. पुसलेले टिश्यू पण त्यातच, बेसिनजवळच्या डस्टबिनमध्ये अजिबात नाही.