केमोनंतरच्या तापासाठी घरात आधीच करून ठेवायची तयारी

केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला आलेला ताप दोन दिवस थांबून पाहण्यासारखा नसतो. तो रात्री-अपरात्री चढला तर घरातील सर्वांची धांदल उडते, म्हणून पुढील तयारी ताप नसतानाच पूर्ण केलेली बरी.

प्रथम कॅलेंडर घ्यावे आणि प्रत्येक सायकलची, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीची, तारीख त्यावर लिहावी. अनेक औषधांच्या बाबतीत केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत खाली जाते, तेव्हा ते दिवस ठळक रंगाने दाखवावेत. रक्ताच्या कर्करोगात हा काळ बराच लांबू शकतो. ही संख्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेली की संसर्गाचा धोका फार वाढतो. पू होतो तो मुख्यतः याच पेशींमुळे, त्यामुळे त्या नसताना जखम चिघळली तरी पू दिसत नाही आणि न्यूमोनिया असूनही खोकल्यातून कफ पडेलच असे नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण उरते.

म्हणून थर्मामीटर डिजिटल असावा, त्याचा सेल तपासलेला असावा आणि तो ठरलेल्या जागीच राहावा. ताप तोंडात किंवा काखेत मोजावा, मात्र काखेतील आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवावे. गुदद्वारातून कधीही मोजू नये, कारण तेथील नाजूक त्वचेला इजा झाल्यास जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. तोंडात एकदा मोजलेला ताप 101 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38.3 सेल्सिअस, किंवा तासभर टिकून राहिलेला 100.4 अंश, म्हणजे 38 सेल्सिअस, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. काही रुग्णालये पहिल्याच 100.4 ला फोन करायला सांगतात. आपल्या डॉक्टरांनी दिलेला आकडा विचारून घ्यावा आणि थर्मामीटरच्या डबीवरच चिकटवावा.

पॅरासिटामॉलची पट्टी या काळात सहज हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. ताप न मोजता आणि डॉक्टरांशी न बोलता घेतलेली गोळी आकडा खाली आणते, संसर्ग मात्र आत तसाच वाढत राहतो. सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो, तोही रुग्णाला आराम पडावा या चांगल्या हेतूने. स्टिरॉइड घेणाऱ्यांत आणि वृद्धांत ताप मुळात चढतच नाही असेही घडते. तेव्हा हुडहुडी, धाप, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे किंवा अंग नेहमीपेक्षा गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर ताप असल्यासारखेच वागावे. पोर्ट किंवा पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी) धुतल्यानंतर थोड्याच वेळात थंडी वाजली, तर ते आवर्जून सांगावे.

दिवसाचा आणि रात्रीचा, असे रुग्णालयाचे दोन्ही फोन नंबर घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत. रात्री कोणत्या दाराने आत जायचे आणि वाहन कोण चालवणार, हेही ठरलेले असावे. एका पातळ फाइलमध्ये औषधांची यादी, ॲलर्जी, शेवटच्या केमोची तारीख आणि ताज्या रक्ततपासणीचा अहवाल ठेवावा. जाडजूड जुनी फाइल अशा वेळी कोणी चाळत बसत नाही. तातडीच्या विभागात शिरताच पहिले वाक्य ‘यांची केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, आणि ताप आला आहे’ हेच असावे. ते न सांगितल्यास साधा ताप समजून रांगेत बसवले जाण्याची शक्यता असते, आणि शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचे ते पोहोचल्यापासून तासाभरात. त्याआधी रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी, घेतले जाते, लाइन असेल तर तिच्यातून आणि हातातूनही. दोनदा सुई का टोचली म्हणून वाद घालू नये.

रोजच्या सवयींबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे: हात धुणे, मऊ ब्रश वापरणे आणि सर्दी-खोकला असलेल्यांना स्पष्टपणे भेट नाकारणे. घरातील इतरांनी फ्लूची लस घ्यावी; रुग्णाला मात्र कोणतीही लस डॉक्टरांना विचारूनच द्यावी, कारण जिवंत जंतूंच्या लसी या काळात टाळतात.

घरी सोडताना पुढची सायकल लांबणार का, मात्रा बदलणार का आणि पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन द्यायचे का, हे विचारावे. नवी तारीख मिळताच कॅलेंडरवरील जुन्या खुणा खोडून त्या तारखेपासून सातवा ते चौदावा दिवस पुन्हा मोजून दाखवावेत.